येणे बाकी

कोपरखैरणेच्या सिग्नलला रिक्षावाला म्हणाला,
"बसा मॅडम, केवढा बोजा आहे."
म्हटलं, आंबोलीहून चालत आलेय,
आता दोन गल्ल्यांसाठी काय बसू?
त्याला अंधेरीतली आंबोली वाटली.
"तरी लांबच की," म्हणाला.

अडतीस दिवस.
डायरी तात्यांच्या मार्केटातली,
कांदा-बटाट्याच्या आडत्यानं दिवाळीला वाटलेली, गेल्या सालची.
माझे सोमवार तिच्यात रविवारी पडतात.
पानाच्या तळाशी राहुकाळ,
त्याच्यावर माझं अक्षर, रोज संध्याकाळी, टॉर्च दातात धरून.

शेवटची नोंद खारघरच्या डोंगरावरची:
"दिवस ३८. खाली दिवेच दिवे. खाडी ओळखली. घर नाही ओळखलं."
मग उतरले. डांबर लागलं,
आणि पायांना कळेना
एवढ्या सपाटीचं करायचं काय.

दारात तात्यांनी सॅक एका हातानं उचलली,
डोळे मिटले, म्हणाले, "साडेतेरा."
निघताना चौदा भरली होती.
मेणबत्त्या जळल्या, साबण झिजला,
पोह्यांची पिशवी रिकामी.
अर्धा किलो कुठे गेला ते मला माहीत होतं,
त्यांना नुसतं कळलं.
कमरेचा पट्टा मात्र पटला नाही.
"वजन मानेखाली घ्यायचं असतं," म्हणाले,
आणि शर्टाच्या आत
तिथलं कातडं अजून जाड आहे.

आईनं परातीत मिठाचं गरम पाणी आणलं.
मी पाय बुडवले, ते चष्मा लावून बसले
आणि बोट ठेवत वाचू लागले, मोठ्यानं,
टोळीची वही वाचावी तसं:
दिवस चार. एकवीस किलोमीटर. टाचेला फोड.
दिवस नऊ. सोळा. कुत्रं सोबत आलं, धनगरवाड्यापाशी थांबलं.
दिवस अकरा. धुकं. वाट चुकले. रडले नाही.
(रडले होते.)

मला सुचलं ते बोलून बसले:
ट्रकपासून गाळ्यापर्यंत पावलं किती,
रोजची पोती किती, वर्षं एकतीस...
मोबाइलवर गुणाकार सुरू केला.
ते म्हणाले, "परतीची पावलं धरू नकोस.
तेव्हा पाठ रिकामी असायची."
मी मोबाइल उलटा ठेवला.

दिवस सतरा.
बोट थांबलं.
"एकोणीस किमी. पाय सुजला. बाकी काही नाही."

"इथं तर आपली खिंड."
"हो."
"उंबराखाली पाणी असायचं. होतं?"

त्या खिंडीतून ते एकोणिसाव्या वर्षी उतरले होते,
डोक्यावर पत्र्याची ट्रंक, मेढ्याला गाडी गाठायची,
ओंजळभर पिऊन. एवढंच सांगतात. त्याच्यापुढचं
आम्ही इथं राहून पाहिलंच आहे.

मी आठवू लागले.
बाटल्या सकाळीच भरलेल्या.
झाडाखाली बसले होते खरी,
बुटाखाली उंबरं चिरडली, आंबूस वास,
गांधीलमाश्या.
पण पाणी?
सुजलेला पाय बघत बसले होते मी.

"असावं," म्हणाले.
"असावं म्हणजे?"

परातीतलं पाणी निवत होतं.
आई म्हणाली, कांचन, जेवून घे आधी.
तात्यांनी डायरी मिटली नाही,
उपडी ठेवली, टीव्हीवर.

पहाटे साडेचारला ते अजून उठतात,
मार्केट सुटून सात वर्षं झाली तरी.
मी उठले तेव्हा खाली गेले होते, दूध आणायला.
डायरी सरळ होती.
सतराव्या पानावर, राहुकाळाच्या बाजूला
निळ्या पेनातलं ठळक, उभट अक्षर,
ट्रकच्या नंबरासारखं:

खिंड. पाणी.
येणे बाकी.